दयेचा दुसरा दिवस

आजचं वाचन : लूक १०:२५-३७



चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकतोय. याजक पुढे गेला, लेवी पुढे गेला, शोमरोनी थांबला. बहुतेक वेळा आपली गोष्ट इथेच संपते. पण ३५ वं वचन परत वाचा. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. मत्तय २० मध्ये एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आहे, म्हणजे ही दोन दिवसांची कमाई! शिवाय जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असंही सांगतो.

पहिला दिवस आपल्या कोल्हापूरला छान जमतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा भाकरी देताना कुणी जात-धर्म विचारला नाही. पण पाणी ओसरल्यावर घरात चिखल राहतो, भिजलेली कागदपत्रं राहतात, कर्जाचे हप्ते राहतात. दयेची खरी परीक्षा तिथून पुढे असते.

जवळच्या मिरजेचंच बघा. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं आणि १९२८ पर्यंत ते काम करत राहिले. रोज नवे पेशंट, रोज तीच दया.

आम्ही आयटीवाले टिकट क्लोज केलं की मोकळे होतो. मित्राची नोकरी गेली की पहिल्या आठवड्यात ग्रुपवर प्रार्थनेच्या इमोजींचा पाऊस पडतो. तिसऱ्या महिन्यात त्याने परत मदत मागितली, की मनात येतं, "आता अजून किती?" दया नेमकी इथे थकते.

पण हेही बघा, शोमरोनी स्वतःचा प्रवास सोडून तिथेच बसला नाही. व्यवस्था लावली, दुसऱ्याला सोबत घेतलं, परत यायचा शब्द दिला आणि मग निघाला. दया करायला सगळं सोडावं लागत नाही. परत मात्र यावं लागतं.

आणि ही ताकद आपली नाही. विलापगीत ३ सांगतं की प्रभूची दया रोज सकाळी नवी असते. "अजून किती?" असं त्याने आपल्याला कधी विचारलं का?

आज एकच करा. ज्याला महिन्यापूर्वी मदत केली होती, त्याला फोन लावा. मेसेज नको, फोनच.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतोस. मलाही दुसऱ्या दिवशी परत जाणारं मन दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.