कपाटातला परिग्रह



आषाढीला निघणाऱ्या वारकऱ्याचे गाठोडे कधी नीट पाहावे. दोन धोतरे, दोन सदरे, एक टोपी, एक उपरणे, पंचा, अंथरायला पोते, पांघरायला वाकळ आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. माउली असतील तर दोन लुगडी आणि डोक्यावर तुळस. एवढ्यावर महिना निघतो. आमच्या सोयगाव तालुक्यातून कोणी मुक्ताईनगरला जाऊन मुक्ताईंच्या पालखीबरोबर चालतो, कोणी पैठणहून नाथांच्या, कोणी आळंदीहून माउलींच्या. वाट कोणतीही असो, गाठोडे तेवढेच. एक अंगावर, एक धुतलेले खांद्यावर वाळत असते. या महिन्यात ‘मला घालायला काही नाही’ असे म्हणणारा वारकरी मला पन्नास वर्षांत भेटला नाही.

तोच वारकरी घरी येतो, लोखंडी कपाट उघडतो, आणि वरच्या फळीवरून चार कपडे अंगावर कोसळतात. ते तसेच कोंबून, दाराला गुडघा लावून तो कपाट बंद करतो आणि म्हणतो, लग्नाला जायचे आहे, घालू काय? माणूस तोच, देह तोच, ऋतूही तोच. मग त्या महिन्यात त्याला पुरले ते आता का पुरत नाही?

याचे सोपे उत्तर असे दिले जाते की वारी म्हणजे तात्पुरता संन्यास, आणि घर म्हणजे संसार. हे उत्तर मला पटत नाही. आपला संप्रदाय संन्याशांचा नव्हेच. गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, नामदेवराय शिंप्याच्या घरचे. कापड मापायचे आणि बेतायचे म्हणजे काय, हे त्यांना घरातच कळत होते. शिंपी अंगाचे माप घेतो, कपाटाचे घेत नाही. वारकऱ्याने संसारात राहून माप सांभाळायचे आहे, आणि ते संन्याशापेक्षा अवघड आहे. कारण संन्याशाला नियम सांगून ठेवलेला असतो.

तो नियम कसा असतो हे पाहायला आम्हा फर्दापूरकरांना लांब जावे लागत नाही. आमच्या टी-पॉइंटवरून बसमध्ये बसले की दहा-पंधरा मिनिटांत अजिंठ्याच्या लेण्यांचा पायथा येतो. वाघूर नदीच्या वळणावर त्या डोंगरात बौद्ध भिक्षू पावसाळ्याचे महिने काढीत. आपण ज्याला चातुर्मास म्हणतो, त्याला ते वर्षावास म्हणत. त्यांच्या विनयात भिक्षूला तीन वस्त्रे सांगितली आहेत. एक नेसायचे, एक पांघरायचे आणि एक दुपदरी, थंडीवाऱ्याचे. त्यावर एखादे वस्त्र मिळाले तर विधी केल्याशिवाय दहा दिवसांहून जास्त जवळ ठेवायचे नाही. आपला धर्ममार्ग वेगळा असला, तरी चांगले जिथे असेल तिथून उचलायला आपल्या संतांनी कधी लाज मानली नाही.

त्याच विनयात एक कथा आहे, आणि ती प्रत्येक घरात सांगण्याजोगी आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनी बुद्धांचे शिष्य आनंद यांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला राग आला. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू काय करणार, दुकान मांडणार काय? त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्षूंना वाटीन. मग विरलेल्या चीवरांचे काय करणार? त्यांची पलंगपोसे करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झाडायचे फडके. आणि त्या फडक्याचे? ते चिरून, मातीत कालवून त्याने जमीन लिंपू. राजाचा राग गेला, आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

लेण्यांच्या भिंतींवरचा लेप मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे. माती, भाताचे तूस आणि गवताचे तंतू यांचा तो गिलावा, आणि त्यावर ती जगाने पाहायला यावे अशी चित्रे. तिथे उभे राहिले की मला आनंदांचे ते शेवटचे उत्तर आठवते.

आता आपल्या आजीचे घर आठवा. नवे लुगडे सणाला. सणाचे मग रोजचे झाले. रोजचे जीर्ण झाले की शेतात कापूस वेचताना ओटीला. मग त्याचे तुकडे एकावर एक घालून, धावदोऱ्याने वाकळ शिवायची. मऊसूत झालेल्या कापडाचे बाळाला लंगोट, दुपटे. उरले त्याचे चुलीपाशी भांडे उतरवायचे फडके, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. शेणामातीच्या काल्यात बुडवून चूल सारवायची, आणि तसे करता करता ते पोतेरे त्या मातीतच संपून जायचे. राजाला आनंदांनी दिलेले उत्तर आपल्या आजीला न वाचता ठाऊक होते. तिला कपाट आवरायची वेळ कधी आली नाही, कारण तिच्या घरात कापड वेळेवर म्हातारे होत असे आणि वेळेवर मरत असे.

आजचे कापड मरत नाही. पॉलिएस्टरच्या साडीचा रंगही जात नाही आणि ती पाणीही पीत नाही. तिचे पोतेरे होत नाही, फडके धरले तर चटका बसतो आणि ते वितळते, बाळाला घालावे तर अंग उठते. येण्याची वाट रुंद झाली, जाण्याची वाट बुजली. मग कपाटे तुंबणार नाहीत तर काय? पूर्वी दारावर बोहारीण येई, जुने जरीचे, सुती कपडे उलटेपालटे करून पाही, पातेल्यावर घासाघीस करी. आता तीही नाके मुरडते. एका साध्या सुती सदऱ्यामागे, कापूस पिकवण्यापासून शिवण्यापर्यंत, सुमारे २७०० लिटर पाणी लागते असा हिशेब अभ्यासक सांगतात. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना तो आकडा समजावून सांगावा लागत नाही.

जपानच्या मारी कोंडो नावाच्या बाईंचे घर आवरण्याचे पुस्तक जगभर खपले आहे. माझ्या नातसुनेने त्यातली रीत मला सांगितली. घरातले आपले सगळे कपडे एका जागी ढीग करून ओतायचे. एकेक हातात घ्यायचा आणि विचारायचे, याने मला आनंद होतो का? होत असेल तर ठेवायचा, नसेल तर त्याचे आभार मानून निरोप द्यायचा. आभार मानण्याची गोष्ट मला फार आवडली. आपणही दसऱ्याला औताला, काट्याला फूल वाहतो. ढीग घालण्याचेही बरे, कारण माणसाला आपला परिग्रह एकत्र कधी दिसत नाही. तो फळीफळीवर विभागून लपलेला असतो.

पण ‘आनंद होतो का’ या कसोटीपाशी माझे पाऊल अडते. ज्याने आनंद होतो ते मी ठेवले आणि ज्याने होत नाही ते दुसऱ्याला दिले, तर दिले काय? इथे कठोपनिषदातला नचिकेता आठवतो. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला. दक्षिणेच्या गाई निघाल्या. लहान नचिकेता बघतो तो काय, त्या गाई शेवटचे पाणी प्यालेल्या, शेवटचे गवत खाल्लेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या. गोठा मोकळा होत होता आणि नाव दानाचे होत होते. असे दान करणारा कोणत्या लोकाला जातो? उपनिषद सांगते, ज्याला आनंदरहित म्हणतात त्या लोकाला. आनंद न देणारे दुसऱ्याच्या पदरात घालणाऱ्याला आनंद नसलेलीच जागा मिळते, असा तो चोख हिशेब आहे. पोराला ते पाहवले नाही, आणि त्याने बापाला विचारले, मला कोणाला देणार?

भूकंप, पूर आला की आपल्या गावोगावहून कपड्यांची पोती निघतात. त्यांत फाटकी बनियन असते, चेन तुटलेली पँट असते, एकाच पायाचा मोजा असतो. ज्यांचे घर वाहून गेले त्यांनी तो ढीग उपसत बसायचा. गीतेने दानाचे तीन प्रकार सांगितले, त्यांत अवमान करून दिलेले दान तामस ठरवले आहे. अवमान तोंडानेच होतो असे नाही, तुटलेल्या बटणानेही होतो. दिल्लीच्या अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्वतःच्या कपाटातले ६७ कपडे काढून ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. त्यांची रीत अशी की आलेले कपडे निवडायचे, दुरुस्त करायचे, आणि गावकऱ्यांनी आपल्याच गावची विहीर, रस्ता, तळे यांचे काम केले की त्याचा मान म्हणून द्यायचे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याला कपडा द्यायचा त्याला तो धुऊन, बटण लावून, घडी घालून द्यावा. एवढे करायचा कंटाळा येत असेल तर तो कपडा देण्याजोगा नाही, असे खुशाल समजावे.

आमच्या कीर्तनकारांच्या कपाटाबद्दल न बोलता पुढे गेलो तर वाचक म्हणतील, बुवा स्वतःचे झाकतात. तेव्हा सांगतो. शाली. गेल्या वर्षी सूनबाईंनी मोजल्या, एकशे चौदा निघाल्या. सप्ताहात कीर्तन झाले की श्रीफळ आणि शाल. त्या अंगावर कोणी घेत नाही. उन्हाळ्यात घेतल्या तर घाम, हिवाळ्यात घेतल्या तर ऊब नाही. त्या फिरत राहतात. एका गावी मिळालेली मी दुसऱ्या गावच्या मृदंगाचार्यांना दिली. तीन वर्षांनी तिसऱ्याच गावी तीच शाल, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागासकट, माझ्या खांद्यावर आली. सभामंडप टाळ्या वाजवत होता, आणि मृदंगावर बसलेले ते गृहस्थ गालात हसत होते.

कीर्तनाच्या जागी कीर्तनकाराने अन्नसुद्धा घेऊ नये, इतकी कडक शिस्त तुकोबारायांनी घालून दिली. मग शाल कशात बसते? आमचे काही मित्र म्हणतात, ती बिदागी नव्हे, प्रेम आहे. ते खोटे नाही. पण प्रेम पांघरवण्याच्या त्या क्षणात होते. नंतर घडी करून डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवली जाते ती आठवण नसून पावती असते. या गावाने मला मानले, त्या गावाने मानले. सद्‌गुरूंच्या दारी अशा पावत्या कुठल्या खिडकीवर वठवायच्या? तुकोबांनी सावकारीचे खतपत्र इंद्रायणीत सोडले असे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. दुसऱ्याकडून येणे असलेले कागद होते ते. मानाचेही येणेच असते.

मात्र या उत्साहात एक अडचण आहे. तुकोबांच्याच चरित्रात सांगतात की जिजाई स्नानाला बसल्या असताना दारी एक गरीब बाई आली, आणि तुकोबांनी वळणीवरचे जिजाईंचे लुगडे तिला देऊन टाकले. पुढे देवाने जिजाईंची लाज राखली, असे कथेत येते. आम्ही बुवा मंडळी ही कथा सांगताना तुकोबांच्या वैराग्यावर थांबतो. समोर बसलेल्या बाया मात्र त्या ओल्या अंगाने आत अडकलेल्या जिजाईपाशी थांबलेल्या असतात, हे त्यांच्या तोंडाकडे पाहिले की कळते. मला वाटते त्यांचे थांबणे बरोबर आहे. तुकोबांच्या पाठीशी पांडुरंग उभा होता, म्हणून ते निभावले. आपण मात्र आपला कप्पा सोडून दुसऱ्याच्या कप्प्यात हात घालू नये. अपरिग्रह स्वतःचा करायचा असतो. सासूची पेटी सुनेने रिकामी करणे, किंवा आईची साडी मुलाने न विचारता वाटून टाकणे, याला दुसरे नाव आहे.

आणि माणूसच गेले असेल तर? आमची मंडळी जाऊन चार वर्षे झाली. तेराव्यानंतर तिच्या वस्त्रांपैकी नवी होती ती लेकीबाळींनी नेली, काही गरजवंतांना गेली. खालच्या फळीवर रोजची दोन सुती लुगडी राहिली आहेत. एका विद्यार्थ्याने मला विचारले, महाराज, हा मोह नव्हे काय? प्रश्न रास्त होता. परिग्रह म्हणजे चहूकडून पकडणे. पण कोणी कोणाला पकडले आहे हे पाहिले पाहिजे. मी त्याला म्हणालो, आत्ता दारात कोणी कुडकुडत आले तर मी ती फळी उघडीन की नाही, एवढेच मला तपासायचे आहे. उघडीन, असे मन म्हणते. म्हणते तोवर ती राहोत. ज्या दिवशी मन कां-कूं करील त्या दिवशी ती लुगडी मोह झाली.

जनाबाईंची कथा आपण सर्व जाणतो. देव रात्री जनीच्या घरी गेला, पहाटे काकडआरतीची वेळ झाली म्हणून घाईने निघाला, आणि आपला शेला आणि पदक तिथेच विसरून जनीची वाकळ पांघरून विटेवर येऊन उभा राहिला. पुढे चोरीचा आळ, सूळ, सुळाचे पाणी, हे सारे आहेच. पण मला नेहमी पहाटेचे ते दृश्य मोठे वाटते. गाभाऱ्यात दिवा लागला आहे, आणि राजस सुकुमार मूर्तीवर ठिगळांची वाकळ आहे. देवाच्या कपाटात काय कमी होते? तरी ऊब त्याला वाकळीत मिळाली. त्या वाकळीत जनीच्या आयुष्यातले प्रत्येक जुने लुगडे होते.

गाडगेबाबांनीही हेच अंगावर वागवले. चिंध्यांचा पेहराव म्हणून त्यांना चिंधेबुवा म्हणत, गोधडेबुवा म्हणत. पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा उभ्या करणाऱ्या या पुरुषाचे स्वतःचे सामान म्हणजे गाडगे, काठी, खराटा आणि अंगावरच्या चिंध्या. त्यांना कपाट लागले नाही, कारण लोकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या.

आपण गाडगेबाबा नाही. आपल्याला कपाट लागते, लग्नाकार्याची एक बरी जोडी लागते, थंडीचा स्वेटर लागतो. यात पाप काही नाही. माझे स्वतःचे सध्याचे मोजून सांगतो: चार धोतरे, चार सदरे, दोन उपरणी, एक फेटा, एक बंडी. शालींपैकी ज्यांत खरोखर ऊब आहे अशा बाविसेक निवडल्या. कार्तिकी वद्य एकादशीला आळंदीला पायी जाणाऱ्या आमच्या दिंडीत म्हातारी माणसे पुष्कळ असतात, आणि त्या दिवसांत पहाटेची थंडी चांगली बोचते. बाकीच्या पातळ शालींचे काय करावे हे अजून कोणाला सुचलेले नाही. मंदिराच्या बिछायतीखाली घालाव्या, असे एकाने सुचवले आहे. विरलेली तीन धोतरे वेगळी काढून ठेवली आहेत, ती काकड्याला जातील. निव्वळ सुती आहेत, तेल चांगले पितात.

लुगडी दोनच असल्याने वाकळीला पुरत नाहीत. दिवाळीला दोघी मुली येतील तेव्हा धाकटीने आपल्या सासूची जुनी दोन विचारून आणायची, आणि ओसरीवर बसून सगळ्यांनी मिळून टाके घालायचे, असे ठरले आहे.