पानाखालची हिंसा

आम्ही शिरोळकडचे जैन शेतकरी. सूर्य मावळल्यावर घरात ताट वाढत नाही, पण हंगामात फवारणीचा पंप काही खांद्यावरून उतरत नाही. गृहस्थाची उद्योगी हिंसा शास्त्रानं चालवून घेतली आहे. टाळायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. अडचण होते भाद्रपदात. दशलक्षण पर्व येतं आणि आप्पा दहा दिवस पंपाला हात लावू देत नाहीत. मिरचीच्या पानाखाली बसलेली पांढरी माशी मात्र पर्व पाळत नाही. तिनं रस प्याला तर एक वेळ चालेल, पण ती विषाणू सोडून जाते. पानं वळतात, झाड खुरटतं. बोकड्या आला, म्हणतो आम्ही.

म्हणून मी प्रतिकारक वाणाचा विषय काढला. मिरचीचा तिखटपणा फळातला, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गरातला. पानाचा बंदोबस्त निराळा. काही जातींच्या पानांवर माशी टेकायलाच नाखूश असते. काहींवर ती अंडी घालते, पण पिल्लं जगत नाहीत. काही झाडं सगळं अंगावर घेऊनही फळतात. कीटकशास्त्र तिन्हींना प्रतिकारच म्हणतं.

"मग प्रश्न मिटला की," आप्पा म्हणाले. "झाड एकेंद्रिय. त्याला मन नाही, तर संकल्प कुठला?"

झाडाला नसेल, आप्पा. पण उन्हाळ्यात बियाण्याचं पाकीट निवडतो तो मी, आणि मला मन आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादापासून, म्हणजे मनाच्या गाफीलपणापासून सुरू होते, प्राण जाण्याची गोष्ट नंतर. पिल्लं मारणारं पान निवडणं म्हणजे माझ्या लेखी पानात शिवलेली फवारणीच. (पिवळ्या चिकट सापळ्यांबद्दल तर बोलायलाच नको. रंग दाखवून बोलवायचं आणि चिकटवून मारायचं!) माशीला बसूच न देणारं झाड बरं वाटतं, पण ती तिथून उठते आणि शेजारच्या टोमॅटोवर जाते.

राहिलं सोसणारं झाड. दशलक्षणाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, आणि हे झाड त्या क्षमेचं रूपच वाटावं. पण त्याच्या अंगात विषाणू मुरलेला राहतो, आणि तिथला रस पिऊन माशी तो साऱ्या शिवारात वाटत सुटते. अशा क्षमेचं बिल शेजाऱ्यानं का भरावं? आप्पांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी यंदाची रोपं नायलॉनच्या जाळीत वाढवायला सांगितली आणि कडेनं मक्याच्या दोन ओळी.