अजाणतां राखिलेलें जाणून मोडावें काय?

नेरळच्या परिसरांत शेतजमिनींचे तुकडे पडून त्यांवर घरें उठत आहेत, हें आगगाडींतून जाणारासही दिसतें. जमीन अशी महाग झाली म्हणजे मनांत विचार येतो कीं, कबरस्थानाची जागा उगीच पडून आहे. ती खणून, सपाट करून तिच्यावर फरशी घालावी. आपले मृत तर प्रभूजवळ आहेत. मग मातीचा एवढा मान कशाला?

प्रश्न खरा आहे. परंतु ती जागा रिकामी आहे काय, हें आधीं पाहूं. मृगाचा पाऊस पडला म्हणजे ह्या बाजूच्या माळांवर आमरीच्या कुळांतील लहान रोपें उगवतात, पांढरीं फुलें देतात आणि पाऊस सरल्यावर कंदरूपानें मातींत लपतात. त्यांचें बीज धुळीसारखें बारीक. त्यांत अन्नाचा सांठा नसतो. मातींतील बुरशीनें पोसल्यावांचून तें रुजत नाहीं, ही गोष्ट फ्रान्स देशाच्या नोएल बर्नार ह्यांनीं १८९९ सालीं उघडकीस आणिली. नांगरानें वा कुदळीनें माती उलथली कीं हा आधार तुटतो. म्हणून जुनी, न उकरलेली भूमि हाच तिचा आसरा.

तुर्कस्थानांत ह्याच कुळाचे कंद उपटून त्यांचें पीठ करितात. आपल्या बाजारांतली सालममिश्री ती हीच जात. तेथील मुसलमानांच्या कबरस्थानांत मात्र पुष्कळ आमरी वांचल्या आहेत, असें हंगेरीच्या संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलें. मृतांच्या आदरानें बाहेरच्यापेक्षां तेथें हात कमी लागतो.

कोणी म्हणेल, "फुलासाठीं आम्हीं ती जागा राखिली नव्हती, मग तें आम्हांस बंधनकारक कसें?" राखिली नव्हती, हें खरें, म्हणून त्याचें श्रेय आपलें नव्हे. परंतु कळल्यावर गोष्ट बदलते. न कळतां वांचलें तो योगायोग. कळून मोडलें तर तें आपलें कृत्य. शिवाय अब्राहामानें सारेस पुरण्याकरितां ४०० शेकेल रुपें तोलून मकपेलाचें शेत घेतलें, तेव्हां त्या खरेदींत गुहेबरोबर शेतांतील झाडेंही मोजलीं होतीं, असें उत्पत्तीच्या २३ व्या अध्यायांत आहे. दुःखी माणसास दिलेलें वचन भूमीसह, तीवरील जिवांसह पाळावयाचें असतें.

म्हणजे कबरस्थानांत रान माजूं द्यावें असें नव्हे. ईस्टरच्या पहाटेपूर्वीं विळ्यानें गवत खुशाल कापावें. त्या वेळीं कंद मातीखालीं निजलेले असतात. मृगापासून दसऱ्यापर्यंत मात्र विळा आवरावा. कुदळ नव्या कबरेपुरतीच लागावी, आणि फरशी पायवाटेपुरती. एवढ्यानें मृतांचा मान उणा होत नाहीं, आणि ज्यास दुसरें घर उरलें नाहीं त्याचें घर मोडत नाहीं. येत्या पावसांत मंडळीनें मुलांसह तेथें जाऊन पांढरीं फुलें शोधावीं, आणि मगच जागा रिकामी आहे कीं नाहीं हें ठरवावें.