सेवेतील सांत्वन

भाविकहो, दर्शनाच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण काही मागण्यासाठीच आलेला असतो असे नाही. कोणाचा धंदा बुडालेला असतो, कोणाच्या घरातील माणूस गेलेले असते. आता जगावे कशासाठी, हा एकच प्रश्न घेऊन कित्येक जण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात.

अशा समयी श्रीसंत गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) स्मरण करावे. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून त्याच गावाच्या मनाची झाडलोट करावी, हा त्यांचा नेम. पुत्र गोविंद याच्या निधनाची वार्ता कीर्तन चालू असतानाच आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. हे वैराग्य आपणांस झेपणारे नव्हे, आणि तशी अपेक्षाही नाही. रडू आले तर रडावे. खराटा मात्र आपल्यालाही उचलता येतो.

अन्नछत्रात पंक्तीला बसलेला यात्रेकरू आपले दुःख विचारीत नाही. ‘थोडे वरण वाढा’ एवढेच म्हणतो. तेवढ्या वेळापुरते तरी आपले मन त्याच्या पानाकडे लागते. शांती येते ती अशीच, नकळत.

देणगीदारांच्या औदार्याने येथील चूल पेटते, हे संस्थान कृतज्ञतेने जाणते; तरीही वाढण्यास हात लागतातच. ज्यांच्यापाशी आज देण्याजोगे काही उरलेले नाही, त्यांनी संकोच न करता कार्यालयात सेवेकरी म्हणून नाव नोंदवावे. सकाळची झाडलोट काकड आरतीपूर्वी सुरू होते.