रंगसंगीताचे सुख आणि प्रेक्षकाची साक्ष

सामाजिक आशयाच्या नाटकाला संगीत देणाऱ्या रचनाकाराची नैतिक जबाबदारी कोणती, हा प्रश्न आपल्या नाट्यसमीक्षेने क्वचितच विचारला आहे. संगीत आशयाला पूरक आहे की नाही, एवढी चौकशी करून ती थांबते. पण जिथे आशय क्रौर्याचा आहे आणि चाल मात्र मोहक आहे, तिथे पूरक म्हणजे नेमके काय, हे पूरकतेच्या परिभाषेत सांगता येत नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. १९७२ साली पुण्यात जब्बार पटेलांनी ते रंगभूमीवर आणले; संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. कीर्तनाला निघालो असे सांगणारे ब्राह्मण बावन्नखणीत पोचतात, आणि कीर्तन व लावणी एकमेकींच्या इतक्या निकट येतात की एकीची लय कुठे संपली आणि दुसरीची कुठे सुरू झाली हे कानाला लवकर उमगत नाही. माणसांची ती प्रसिद्ध भिंत गाते, डोलते, पाठ फिरवते आणि तिच्या आड अत्याचार होत राहतो. अखेरीस घाशीरामाचा अंत झाल्यावर नाना उत्सवाची आज्ञा देतो आणि मंच पुन्हा गाऊ-नाचू लागतो. प्रेक्षकही मनातल्या मनात नाचत असतो, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करायला हवे.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात या नाटकाचे ध्वनिमुद्रण ऐकवत असताना बाकांवर बोटांचा ठेका सुरू झाला. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आम्ही ठेका धरला, हे चुकलं का?” मी तिला ब्रेख्तच्या दुराव्याच्या तत्त्वाचा आधार घेऊन उत्तर दिले. ते उत्तर तेव्हाही मला पुरते पटलेले नव्हते.

ब्रेख्तची भूमिका अशी, की संगीताने शब्दांत विरघळू नये. त्याने प्रसंगाविषयी स्वतःची भूमिका घ्यावी आणि प्रेक्षकाला गुंतण्यापासून सावध करावे. सिद्धांत म्हणून हे निर्दोष आहे. व्यवहारात मात्र १९२८ साली बर्लिनमध्ये आलेल्या ‘थ्री पेनी ऑपेरा’तले, खुनी मॅकहीथच्या कृत्यांची यादी सांगणारे कुर्त वाइलचे गाणे नाटकाबाहेर पडले, १९५५ साली लुई आर्मस्ट्राँगने आणि १९५९ साली बॉबी डॅरिनने ते गायले, आणि जगभर लोक त्यावर आनंदाने झुलले. उपरोध नाटकातच राहिला. (याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी रचलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली आला; त्यावेळच्या परीक्षणांत गाण्यांच्या लोकप्रियतेचा आनंद किती आणि अस्वस्थता किती, हे कुणी तपासून पाहायला हरकत नाही.)

याचे कारण मला असे दिसते, की सुराजवळ नकारार्थी रूप नाही. वाक्याला ‘नाही’ जोडता येते. चालीला जोडता येत नाही. १९८० साली ‘घाशीराम’चा चमू युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा नाटक ऐतिहासिक नाही, असे निवेदन प्रयोगाआधी करण्याचा तोडगा निघाला होता. संहितेबाबत असा खुलासा शक्य होता. मृदंगाबाबत कोणता खुलासा करणार? आणि भाषा न कळणाऱ्या त्या प्रेक्षकांपर्यंत शब्दांआधी पोचणार होते ते हे संगीत आणि नृत्यच.

म्हणून चंदावरकरांनी चाल मुद्दाम बेसूर वा कोरडी केली नाही, हे मला त्यांच्या संगीताचे नैतिक बळ वाटते. कडवट संगीत प्रेक्षकाला आधीच निर्दोष ठरवते. आपण या लोकांपैकी नव्हे, असे त्याला वाटू देते. गोड संगीत त्याला भिंतीत उभे करते. मात्र ही आरोपाची युक्ती सफल व्हायची तर समोर बसलेला माणूस भिंतीतला असावा लागतो.

जलशाचा प्रेक्षक तसा नव्हता. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारखे आंबेडकरी जलसाकार ज्यांच्यासमोर गात, ते अन्याय सोसणारे लोक होते. पुढे अण्णाभाऊ साठ्यांनी गणातले गणेशवंदन काढून मातृभूमीला व हुतात्म्यांना वंदन केले, गौळणीलाही फाटा दिला. ठेका मात्र सोडला नाही. त्या ठेक्यातले सुख अपराधाचे नव्हते, त्यातून श्रोत्याला आपल्या माणसांची सोबत मिळत होती. म्हणजे एकच ढोलकी एका सभागृहात आरोप करते आणि दुसऱ्या वस्तीत धीर देते. तेव्हा संगीताच्या नैतिकतेचा निर्णय स्वरलिपी वाचून होणार नाही. कोण ऐकते आहे, हे विचारावेच लागेल. रूपवादी समीक्षेला हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

इथे एक अडचण उरते, आणि ती मला सुटलेली नाही. ‘घाशीराम’मधली लावणी ज्या स्त्रियांच्या गळ्यातून आणि पायांतून शतकभराहून अधिक काळ घडत आली, त्या या हिशेबात कुठे आहेत? नागर प्रेक्षकाला स्वतःच्या अपराधाची जाणीव व्हावी, यासाठी त्यांची कला साधन म्हणून वापरली गेली. भिंतीसमोर नाचणाऱ्या गुलाबीचा ठेका वर्गात बोटांनी धरला जात होता, तेव्हा त्या विद्यार्थिनीचा प्रश्न बहुधा हाच असावा, आणि मी तिला ब्रेख्त सांगत बसलो.