निरोगी माणसाचे औषध

प्रयोगशाळेतल्या बरणीतला जंत पाहून मुले प्रथम नाक मुरडतात, मग हळूच जवळ येतात. दोन्ही टोकांना निमुळते, गुळगुळीत अंग. लांब आणि सरळ ती मादी. आखूड, शेपटाशी वळलेला तो नर. ना डोळे, ना पाय. गांडुळासारखी वलयेही नाहीत, म्हणून शास्त्राने त्याला सूत्रकृमींच्या निराळ्या संघात बसविले.

याच संघातला एक भाऊबंद आम्हां कामठ्याकडच्या लोकांना फार जवळचा आहे. गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हत्तीपाय आणतो तो हाच. सुतासारखा बारीक, मादी फार तर 10 सेंटिमीटर. माणसाच्या लसिकावाहिन्यांत तो वर्षानुवर्षे संसार थाटतो. त्याची पिले रात्री रक्तात उतरतात आणि डासही रात्रीच चावतो! ती डासाच्या अंगात वाढतात, हे पॅट्रिक मॅन्सन याने 1877 साली चीनमध्ये पाहिले.

या कृमीला दुष्ट म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. जिथे निवड नाही, तिथे पाप कसले? तो जगतो, एवढेच.

निवड आहे ती आपल्याला. आरोग्यसेवक गोळ्या घेऊन दारी येतात. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि फार आजारी माणसे वगळून सर्वांनी त्या त्यांच्यासमोरच गिळायच्या असतात. तेव्हा धडधाकट माणूस विचारतो, “मला काय झाले आहे?” प्रश्न अडाणीपणाचा नाही. शरीर त्याचे आहे. गोळीनंतर कधी ताप येतो, डोके दुखते; पुष्कळदा ती मरणाऱ्या कृमींचीच खूण असते, पण त्रास त्यालाच होतो.

परंतु ज्याचा पाय सुजलेला नाही, त्याच्याही रक्तात पिले असू शकतात. त्याला कळतही नाही. डास मात्र ती शेजारच्या पाळण्यापर्यंत नेतो. धानाच्या बांधीतले पाणी उताराच्या बांधीत गेल्यावाचून राहत नाही, तसेच हे. आणि एकदा हत्तीपाय जडला, की कोणत्याही गोळीने तो पाय पहिल्यासारखा होत नाही.

दिवाळीत फराळाचे ताट आपण शेजारी आठवणीने पाठवितो. आपल्या घरातून शेजारी काय जाऊ नये, याचीही तितकीच आठवण ठेवावी. शेजारधर्म म्हणतात तो याहून वेगळा नसावा.