तळ्यावर काय काम?

पाण्यावर जायची आपल्या माणसाला आजवर दोनच कारणं मंजूर झाली. एक तहान, दुसरं मजुरी. प्यायला, धुणं धुवायला, ढोरं पाजायला गेला तर गेला. नाहीतर सरकारी कामावर माती वाहायला गेला. तिसरं कारण काढलं की लोक बघायला लागतात. नुसता चालायला गेला, गळ टाकून बसला, बदकं बघत उभा राहिला, की सवाल येतो, "काहून बे, इथं काय काम हाय तुहं?"

उंद्रीच्या शिवारात हा सवाल मला पुष्कळदा आलाय. विचारणारा दरवेळी वाईटच असतो असं नाही. पण पुण्या-मुंबईहून गळ्यात दुर्बीण अडकवून आलेल्याला तोच माणूस वाट दाखवतो, चहा पाजतो. म्हणजे काम नसताना तळ्यावर असणं हा काही गुन्हा नाही. कोणी काम नसताना असावं आणि कोणी असू नये, एवढाच वाद आहे. मित्रांनो, हा वाद मला साधा वाटत नाही.

एका अभ्यासवर्गात हा विषय काढला तर एक तरुण कार्यकर्ता उखडला. म्हणाला, "दादा, वस्तीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, अट्रॉसिटीच्या केसा कोर्टात पडून आहेत, अन् तुम्ही पाखरं कायची मोजता? हे भरल्या पोटाचे चोचले." त्याचा राग खरा आहे. मोर्चा सोडून कोणी बगळे मोजायला जात असेल तर त्याला चार शब्द सुनावलेच पाहिजेत. पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट न तपासता गृहीत धरलेली होती: गरज आपली आणि फुरसत दुसऱ्याची. ही वाटणी कोणी केली? ज्या व्यवस्थेनं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं तिनंच. मग तिचा हा नियम आपण आपल्या तोंडानं का म्हणायचा?

महाड आठवा. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात बोल्यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर खुलं, काठावर बंद. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं. पुढं डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्पष्ट केलं, की या पाण्यावाचून आपलं काही अडलेलं नव्हतं, आजवर ते न पिता आपण जगलोच. तिथं जायचं ते आपणही माणूस आहोत हे ठरवायला. याचा अर्थ नीट लावा. लढा नुसत्या तहानेचा असता तर वेगळा हौद बांधून भागलं असतं. सवर्णांनी आनंदानं वर्गणी दिली असती! लढा होता तो गरज संपते तिथून पुढच्या जागेसाठी. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. एका तळ्याच्या काठासाठी दहा वर्षं.

आणि फुरसतीबद्दल बाबासाहेबांनी उघडच लिहिलंय. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, या १९४५ च्या ग्रंथात यंत्राची बाजू घेताना ते म्हणतात, की जनावर पोटाशी थांबतं, माणसाला मन वाढवायचं असतं, आणि त्यासाठी फुरसत लागते. लोकशाही समाजानं ती प्रत्येकाला मिळवून दिली पाहिजे. चरख्याला त्यांचा विरोध होता त्यामागं हेही कारण होतं. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारा १९४६ चा कायदा मजूरमंत्री म्हणून त्यांनीच मांडला. ते सहा तास कशाला? आणखी एका मालकाकडे राबायला नक्कीच नाही.

आता आपल्याकडच्या पाण्याचा हिशेब करू. माझी आई १९७२ च्या दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर होती. मिलोची भाकर खाऊन तिनं खडी फोडली, डोक्यावर घमेली वाहिली. महाराष्ट्रभर त्या वर्षांत असे तलाव झाले, आणि खोदणाऱ्यांत आपली माणसं गच्च होती. पाझर तलावाचं काम काय? पाणी अडवायचं, जमिनीत मुरवायचं, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो. विहिरी कोणाच्या? जमिनी ज्यांच्या त्यांच्या. आपल्याला जमीन नाही म्हणून विहीर नाही, विहीर नाही म्हणून पाझरही नाही. खोदणारणीच्या वाट्याला उरला तो नुसता काठ. तिच्या पोरानं त्या काठावर घटकाभर बसलं, की इथं काय काम!

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल. जून २०१८ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात, विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या पोरांना नागवं करून मारलं. व्हिडिओ देशभर फिरला. ती पोरं पाणी भरायला गेली नव्हती. उन्हाळ्यात पोरं जे करतात तेच करत होती, खेळत होती. तहानलेला दलित एखाद्याला सहन होतो, त्याच्यावर दयाही करता येते. मजेत असलेला दलित सहन होत नाही. म्हणून म्हणतो, पाण्याकाठची मजा हा चोचला नाही. समता आली की नाही हे तिथंच कळतं.

आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर धरण आहे. जलाशयाचं नाव संत चोखासागर, कारण जवळचं मेहुणा राजा हे चोखोबाचं जन्मगाव मानतात. ज्याला देवळाच्या पायरीशी थांबवलं त्याच्या नावानं आता एवढं पाणी आहे. हिवाळ्यात तिथं जा. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी दिसेल, त्याचं नाव वारकरी. हिमालयापलीकडून चक्रवाक येतो, नारिंगी रंगाचा. त्याला ब्राह्मणी बदकही म्हणतात. या देशानं पाखरालासुद्धा जात चिकटवली. पाखराला पत्ता नाही. पोरांना वस्तीतून तिथं न्यावं, आणि त्यांनी त्या बदकाला आपलं नाव द्यावं.

पक्षी ओळखणं ही साहेबाची विद्या आहे असंही समजू नका. फासेपारधी तित्तराचा आवाज असा काढतो की तित्तर फसतो. त्याला इंग्रजांच्या कायद्यानं जन्मानं गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. मग १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याचा धंदा गुन्हा ठरला. पाखरू वाचलं पाहिजे, हे मान्य. पण पाखराचं एवढं ज्ञान असलेल्या माणसाला मास्तर करावं असं कोणाला सुचलं नाही, आरोपी करावं हेच सुचलं.

मासे धरायचा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि तो आपण टाळू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण प्राणिमात्रावर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली. मासे खाणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. सुकट-बोंबलाच्या वासावरून आपल्याला हिणवणाऱ्यांची शुद्धता आपल्याला नको. पण पोटासाठी मासा धरणं वेगळं, आणि त्याच्या तोंडात गळ अडकवून त्याची तडफड हा खेळ समजणं वेगळं. दुसऱ्याच्या तडफडीवर करमणूक करून घेणारी फुरसत आपण चांगली ओळखतो. ती आपण उचलायची नाही.

शिवाय धरणातले मासे ठेक्यानं मच्छीमार सोसायट्यांकडे असतात. तिथं राबणारा भोई पहाटे जाळं ओढतो तेव्हा त्याच्यासाठी ते पाणी म्हणजे भाकर असते. आपण सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन गेलो आणि त्यालाच दटावून विचारलं, की इथं काय काम, तर आपण तळं जिंकलं नाही, नुसती जागा बदलली. त्याला विचारून बसावं. हांडीत जाईल तेवढंच धरावं. हक्क मागणाऱ्याला एवढी शिस्त पाहिजेच.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातला. आपल्या वस्तीतली बाई आजही तळ्यावर जाते ती धुण्याचं बोचकं घेऊन. नुसतं पाणी बघायला ती गेली, तर तिला "काय काम" असं विचारणारे कोण असतात? बापलोक, भाऊलोक, आपणच. आई त्या तलावाच्या भिंतीवर महिनोन् महिने होती. पुढं कधी रिकाम्या हातानं तिथं गेल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा या हिवाळ्यात एखादं शिबिर तळ्याकाठी घ्या. सकाळी दोन तास चाला, पाखरं बघा, मग चर्चेला बसा. बायापोरी पाहिजेतच. आणि सगळे काठावर बसले असताना चुलीपाशी कोण असेल, ते निघायच्या आधी ठरवा.